रुमालाखालचा हात

एकट्या राहणाऱ्या बाईच्या अंगणात पन्नाशी उलटलेला एक पुरुष आठवड्यातून दोनदा येऊन बसतो, जाताना पेंडीची पिशवी ओटीवर ठेवून जातो, आणि कुणी विचारलंच तर ‘बैल बघायला आलो होतो’ म्हणतो. खरं सांगा, तुमच्या मनात पहिल्यांदा काय येतं? माझ्याही मनात तेच आलं. आणि मला ते यायलाच हवं होतं, कारण संशय कसा घ्यावा हे मी ज्यांच्याकडून शिकले, तेच त्या अंगणात बसलेले होते.

शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी काकांनी ज्याच्यावर संशय घेतला नाही असं माणूस, जनावर किंवा देव सापडणार नाही. काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. राहायला सापगावजवळ, आणि धंद्यानं गुरांचे दलाल. आमच्या घरात ही गोष्ट जरा अवघडच होती. बाबा माझ्या जन्माच्या आधीपासून पत्रकं लिहितात, आणि त्यांच्या पत्रकांत ‘दलाल’ हा शब्द ‘सावकार’ आणि ‘ठेकेदार’ यांच्या मधोमध जाड टायपात येतो. मी अक्षरं शिकले ती या पत्रकांवरच. इतर मुलांचा द दप्तराचा होता, माझा दलालाचा. त्यामुळे दर रविवारी सकाळी आमच्या ओटीवर मांडी घालून बशीतून चहा फुरकणारा हा माणूस तोच की दुसरा कुणी, याचा मला उलगडा होत नसे. एकदा मी सगळ्यांसमोर विचारलंच, “बाबा, काका दलाल आहेत ना? मग त्यांचा धिक्कार कधी करायचा?” बाबा जमिनीकडे बघू लागले. काका मात्र पोट धरून हसले. म्हणाले, “चाय पिऊ दे आधी गो, मंग कर धिक्कार.”

नव्या माणसाशी बोलण्याआधी काका त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारतात. त्यांचं म्हणणं, जनावर पुढून सगळंच गोड दिसतं, खोट मागून कळते. ही फेरी त्यांनी माझ्या मास्तरांना मारली, आत्याला बघायला आलेल्या नवऱ्या मुलाला मारली, आणि पीककर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी बँकेच्या साहेबांनाही मारली. साहेब फिरत्या खुर्चीत होते. काका जसजसे सरकत तसतसे तेही गोल फिरत राहिले, कारण आपल्या पाठीमागे कुणी जावं हे त्यांनाही पसंत नव्हतं. शेवटी दोघेही जिथून निघाले तिथेच आले, आणि काकांनी सही न करताच रजा घेतली. “माणूस पाठ दाखवीत नाय,” ते म्हणाले, “म्हंजे पाठीला कायतरी हाय.” डॉक्टरांनी रक्तदाब बघायला पट्टा काढला की काका म्हणत, आधी स्वतःला लावून दाखवा. देवीचा कौल उजवा लागला तरी ते देवीकडे न बघता पुजाऱ्याच्या बोटांकडे बघत. मोबाईल आपलं बोलणं चोरून ऐकतो याची त्यांना खात्री असल्यामुळे महत्त्वाचं काही बोलायचं असलं की ते आपला मोबाईल दुसऱ्याच्या खिशात ठेवतात. दुसऱ्याच्या खिशात दुसऱ्याचा मोबाईल असतोच, तो ऐकतो त्याचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, “तो त्याचं ऐकील. माझं त्याला काय?”

आणि दात. काका कुणाचंही वय दातांवरून सांगतात. मी नऊ वर्षांची असताना आम्ही एसटीनं मुरबाडला निघालो होतो. अर्धं तिकीट मागितल्यावर कंडक्टरनं माझ्याकडे निरखून बघत वय विचारलं. काकांनी सरळ माझा ओठ वर केला. “मोजा. पुढचे आठ नवे, सुळे दुधाचे. नऊच्या वर एक दिवस निघाला तर गाडी थांबवून आमाला उतरवा.” सगळी एसटी वाकून माझे दात बघत होती. पुढे पंधरा दिवस मी तोंड मिटून हसत होते.

बाबांचं आणि त्यांचं एकाच गोष्टीवरून दरवर्षी वाजे. बैलाच्या अंगावर केसांचा भोवरा कुठे आहे, यावरून तो मालकाला लाभेल की बुडवील हे ठरवायची आमच्याकडे जुनी खोड आहे. बाबा त्याविरुद्ध पत्रक काढत आणि मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत, गुरांच्या बाजाराच्या तोंडाशी टेबल टाकून ते वाटत. तिथून चार पावलांवर काका गिऱ्हाइकाला बैलाचा भोवरा दाखवत असत. “तुझं पत्रक,” ते बाबांना म्हणत, “एकदा बैलाला वाचून दाखव. त्याला पटलं तर मी भोवरा बघायचा सोडतो.”

पण गेल्या तीन-चार वर्षांत हा माणूस विझत गेला. घराघरांत पॉवर टिलर आले. बैल विकायला येणारे फार, घेणारे थोडे. काकांचा मुलगा वाशिंदला कंपनीत लागला आणि तिथेच ब्लॉक घेऊन राहिला. काकू तर आठ वर्षांपूर्वीच गेल्या. रविवारी काका यायचे, बसायचे, चहाची बशी हातात धरून अंगणातल्या उंबराच्या झाडाकडे बघत राहायचे. एक दिवस बाबा घाबऱ्या घाबऱ्या आईला सांगताना मी ऐकलं, “अगं, काल त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि यानं काही न विचारता ती गिळली!” आई हातातलं काम टाकून खाली बसली. संशय हा या माणसाचा श्वास होता, आणि तोच लागेनासा झाला होता.

अशा अवस्थेत ते यंदा म्हशाच्या जत्रेला आले. धंदा होईल म्हणून नव्हे, पाय सवयीनं वळले म्हणून.

गुरांच्या बाजाराची एक रीत आहे. भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आपला रुमाल हातावर टाकतो, गिऱ्हाईक त्याखाली हात घालतं, आणि किती बोटं धरली, कुठल्या पेराशी धरली, यावरून आकडा कळतो. मग तोच रुमाल घेऊन दलाल विकणाऱ्याकडे जातो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा फक्त दोन हातांना ठाऊक. रुमालाखाली झालेलं बाहेर सांगायचं नाही, हा बाजाराचा पहिला नियम. आणि दुसरा नियम कुणी कधी बोलून दाखवत नाही, कारण तो मोडायची वेळच येत नाही. तो असा की रुमालाखाली हात पुरुषाचा असतो. बाई बैल घ्यायला आली तर भाऊ किंवा दीर हात घालतो आणि ती मागे पदर धरून उभी राहते.

त्या दिवशी आमच्या टेबलापासून मला सगळं दिसत होतं. तिशी-बत्तिशीची एक बाई, पायात रबरी चपला, खांद्याला कापडी पिशवी. पांढऱ्या बैलासमोर उभी राहिली. विकणाऱ्यानं काकांना खूण केली, तसे काका सुस्कारा टाकून उठले.

“कोन घेनार?”

“मी.”

“बरोबर कोन हाय?”

“पिशवी हाय.”

आजूबाजूचे हसले. काका नाही हसले. “तसं नाय गो. बाप, भाऊ, दीर, कोन?”

“नांगर मी धरनार,” ती म्हणाली, “मंग रुमालाखाली दीर कशाला?” आणि तिनं हात पुढे केला.

काका त्या हाताकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते कुणाभोवती फेरी मारायला विसरले. मागून एक म्हातारा ओरडला, “टाक रे रुमाल, दलाल! ती काय चावतेय?” काकांनी रुमाल टाकला.

सौदा चार-पाचदा बोटं धरली की उरकतो. हा उरकेना. शेजारची एक जोडी विकली जाऊन, हळदकुंकू लागून बाजाराबाहेर गेली. पांढऱ्या बैलानं वाट बघून बघून बसकण मारली. तोच म्हातारा पुन्हा ओरडला, “आत झोपलास काय रे?” तेव्हा कुठे काकांनी हात काढला, रुमाल खांद्यावर टाकला आणि उभ्या आयुष्यात कुठल्याही दलालानं केलं नसेल असं काम केलं. विकणाऱ्याच्या तोंडावर ते मोठ्यानं म्हणाले, “हा नको घेऊ. बघ, बसताना मागचा डावा पाय आखडतोय. पलीकडचा तांबडा हाय ना, वाकड्या शिंगाचा, तो घे. दिसायला भिकार हाय, पन चिखलात खरा चालंल.”

विकणारा खवळला. “तू माझा दलाल का तिचा?”

तिनं वाकड्या शिंगाचा तांबडा घेतला, दोर हाताला गुंडाळला आणि निघून गेली. काका आमच्या टेबलाशी आले, पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसले आणि आपला तळवा उलटसुलट करून बघू लागले. “घट्टे हायत गो तिच्या हाताला,” ते म्हणाले. “माझ्यापेक्षा जास्त. आन हात कापत नव्हता. बापानं बोटं शिकवली असनार.” मी विचारलं, नाव काय तिचं? “इचारलं नाय,” काका म्हणाले.

पुढच्या रविवारी ते आले ते काळी कुळकुळीत मिशी घेऊन. मिशीबरोबर वरच्या ओठाची कातडीही काळी झाली होती. बाबांनी निरखून बघितलं. “तोंडाला काजळी लागली का रे?” “उन्हानं,” काका म्हणाले. जानेवारी होता. त्याच्या पुढच्या रविवारी अंगात नवा सदरा होता, इस्त्रीच्या घड्या मोजता येतील असा. तिसऱ्या रविवारी काका आलेच नाहीत. एसटीच्या स्टँडवर कुणीतरी त्यांना पेंडीची पिशवी मांडीवर घेऊन मुरबाडच्या गाडीत बसलेलं पाहिलं. विचारल्यावर म्हणाले, “नवं जनावर महिनाभर बघावं लागतं.” आजवर काकांनी विकलेल्या शेकडो बैलांपैकी एकाचंही त्यांनी पुन्हा तोंड पाहिलं नव्हतं. आणि सगळ्यात भीतीची गोष्ट म्हणजे ते विश्वास ठेवू लागले. वाटेवर बसलेल्या मुलीकडून बोरं एकही चाखून न बघता घेतली. अनोळखी माणसाला ‘जरा पिशवी धरा’ म्हणाले. एखादा माणूस संशय घेईनासा झाला की त्याचा शिल्लक साठा जवळच्या माणसाकडे जात असावा. तो सगळा माझ्याकडे आला.

मला काकांचा संशय आला. बाई एकटी आहे हे कळल्यावर पेंड घेऊन जाणारे पुरुष मी ओळखून होते, त्यांच्यावर मी बाबांच्या पत्रकांत लिहिलं होतं. मग मला तिचा संशय आला, की म्हाताऱ्याला फुकट राबवून घेते आहे. मग मला त्या तांबड्या बैलाचाही संशय आला. म्हणून फेब्रुवारीत एकदा ‘मलाही तो भाग बघायचाय’ असं सांगून मी काकांबरोबर गेले. मुरबाडपर्यंत एसटी, पुढे सहा आसनी, मग पाऊण तास चालायचं. चढावर काका थांबले, खिशातून फणी काढून मिशीवरून फिरवली आणि ती परत ठेवताना मी बघते आहे हे बघून म्हणाले, “मिशीत किडा गेला.”

ती अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. आम्हाला बघून तिनं सूप बाजूला केलं.

“आलास का बाबा?”

तिनं ‘बाबा’ म्हटलं आणि मिशीचे सगळे कष्ट एका शब्दात वाया गेले.

“बैल बघाया आलो,” काका म्हणाले.

“बैल तितं हाय. मी बैल नाय.”

काका मुकाट्यानं तिकडे वळले आणि गोठ्याच्या खांबाला टेकून बसले. त्यानंतरचा तासभर ते जे काही बोलले ते बैलाशी. “खातोस का रे नीट?” अंगणातून उत्तर यायचं, “खातोय.” “पानी?” “पितोय.” “पाय दुकत नाय ना?” “नाय.” मग बराच वेळ नुसत्या शेंगा फुटल्याचा आवाज. “कोन तरास देतंय का रे?” काकांनी विचारलं. शेंगांचा आवाज थांबला.

“बैलाला नाय,” ती म्हणाली.

निघताना तिनं मला कुंपणाशी गाठलं. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. त्याच्या वाटच्या भातजमिनीवर वारस म्हणून तिचं नाव लागायचं होतं, आणि दीर म्हणत होता, हक्कसोड लिहून दे, म्हणजे माझा या जमिनीवर हक्क नाही असा कागद कर, आणि माहेरी जा. जोडीतला एक बैल मेला तेव्हा त्याला वाटलं, आता ही नांगर टाकील. ती बाजारात जाऊन बैल घेऊन आली. “ताई, बाबा चांगला हाय,” ती म्हणाली. “पन त्याला सांग, सारखा येऊ नको. दीर बघतोय.”

हे मी काकांना सांगायला हवं होतं. मी ते छापलं.

माझे बाबा तेव्हा एका मोर्च्यासाठी गावाबाहेर होते. ते असते तर पत्रक आधी त्यांच्या नजरेखालून गेलं असतं. महिला दिन तोंडावर आला होता. मी एका बैठकीत लिहून काढलं. म्हशाच्या बाजारात एका शेतकरी भगिनीनं शतकांची रीत मोडून रुमालाखाली हात घातला, तिला सलाम. तिला जमिनीवरून हुसकणाऱ्या सासरच्यांचा निषेध. आणि शेवटी, मला फार आवडलेली ओळ, जाड टायपात: ‘एकट्या बाईच्या अंगणात दलालाचं काय काम?’ काकांचं नाव नव्हतं. तिचं नव्हतं. पाड्याचंही नव्हतं. मी त्याची फार काळजी घेतली होती. मुरबाडचा आठवडी बाजार, शहापूरचा स्टँड, वाशिंदला कंपनीतून सुटणाऱ्या बायका, सगळीकडे पत्रक गेलं.

रविवारी काका आले. ओटीवर बसले नाहीत. माझ्याभोवती सावकाश एक फेरी मारली. जन्मापासून मला ओळखणाऱ्या माणसानं. मग खिशातून घडी केलेलं पत्रक काढलं.

“तुमचं नाव नाही यात,” मी म्हणाले. “आणि जे लिहिलंय ते खोटं आहे का?”

“माझं सोड.” ते पत्रकावर बोट ठेवून शोधत होते. सापडलं. “हे बघ. ‘वाकड्या शिंगाच्या तांबड्या बैलाचा दोर हाताला गुंडाळून ती ताठ मानेनं निघाली.’ तिचं नाव नाय घातलंस गो. पन बैल घातलास ना!”

आमच्याकडे माणसांची नावं चार गावांत चारशे असतात, बैलाची ओळख एकच असते. तांबडा, वाकड्या शिंगाचा, म्हशाला घेतलेला. तो कुणाच्या दावणीला आहे हे दोन्ही तालुक्यांत गुराख्याच्या पोरालाही सांगता आलं असतं. हे मला ठाऊक होतं. जन्मभर गुरांच्या बाजारात टेबल टाकणाऱ्या घरातली मी, आणि ताठ मानेचं वाक्य सजायला म्हणून मी बैल आणला. (इथे मी त्याचा रंग बदलला आहे आणि शिंगही. उशिरा का होईना, शिकले.)

दिरानं पत्रक पाड्यात वाचून दाखवलं. सलामाचा भाग गाळून. पुढच्या आठवड्यात देवळासमोर गावकी बसली, आणि बोलावणं नसताना काका तिथे गेले. बाबा आणि मी मागून गेलो. ती पायरीवर बसली होती, तिची जाऊ शेजारी. दिरानं पत्रकातली ती शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचली, जाड टायपात होती तशीच जाड आवाजात. म्हणाला, हे आम्ही नाही म्हणत, शहापूरचे शिकलेले लोक म्हणतात. हिनं दुसरं घर केल्यातच जमा आहे. मग पहिल्या घरची जमीन कशी मागते?

काका उभे राहिले. मिशी धुऊन आले होते. पुरती गेली नव्हती, करडी झाली होती.

“तिचं काय इचारता? माझं इचारा,” ते म्हणाले. “मन माझं बसलं. चोपन्न वर्सांचा बाप्या मी, मिशी काली करून इतं येत व्हतो. बैलाचं निमित्त व्हतं. तिनं पयल्या दिवशीच मला बाबा म्हटलं. शान्या मानसाला तेवढं पुरं. मला नाय पुरलं. खोट माझी हाय. आजपासून या गावच्या शिवेत पाय नाय ठेवनार.”

कुणीतरी फिसकन हसलं आणि एकटंच हसतोय हे कळून गप्प झालं. लोकांच्या तोंडावर स्वतःची खोट दाखवणारा दलाल मी पहिल्यांदाच पाहत होते. आणि मी महिनाभर शोधत असलेलं त्यांचं पाप ते हेच होतं. त्यापलीकडे काही नव्हतं.

“आन रुमालाखाली?” दीर म्हणाला. “एवढा टाइम काय चाललं व्हतं?”

“रुमालाखालचं सांगायचं नसतं,” काका म्हणाले. “केस पांढरे झाले, आजवर नाय सांगितलं.”

“म्हंजे लपवन्यासारखं हाय!”

माणसं एकमेकांकडे बघू लागली. बाजाराचा नियम मोडावा की तिला बुडू द्यावं, हा पेच काकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. तेवढ्यात पायरीवरून ती बोलली.

“मी सांगते. मी बाजारात नवी, मला नियम लागू नाय. पाच वेला मी आकडा खाली ओढला, पाच वेला यानं वर नेला. सौदा करीत व्हतो. भाऊजी, तुमी बैल घेताना दलालाचा हात धरता, तवा जाऊबाय तुमाला इचारते का, आत काय चाललंय?”

सगळ्यांत आधी जाऊच हसली. मग बायका, मग म्हातारे. सगळ्यात वडील गृहस्थ गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि म्हणाले, “हे गावकीचं काम नाय. बैल बरा हाय का गो?” ती म्हणाली, बरा आहे. सभा उठली.

इथं थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण दिरानं पत्रकाची नीट घडी घातली आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली, हे मी पाहिलं. वारस नोंदीवर त्यानं हरकत घेतली आहे आणि सोबत माझं पत्रक जोडलं आहे. वकील सांगतात, अशा कागदानं कुणाचा हक्क जात नाही. पण तारीख पुढे जाते. दर तारखेला ती तहसील कचेरीत चालत येते, आणि दर तारखेला दीर कुठूनतरी पत्रकाची आणखी एक प्रत आणतो. म्हणतो, बघा, अजून वाटतायत.

काका बोलले तसे वागले. सापगावच्या पुढे मुरबाडच्या वाटेला ते गेलेले नाहीत. मिशी पांढरी झाली. संशयही परतला, परवा डॉक्टरांना त्यांनी गोळीचा अर्धा तुकडा आधी खायला लावला, तेव्हा आईला हायसं वाटलं. रविवारी येतात, माझ्या हातचा चहा घेतात. मला ते कधीच काही बोलले नाहीत, आणि तेच मला फार लागतं. तिचं नाव त्यांनी तेव्हाही विचारलं नव्हतं, आताही घेत नाहीत. यंदा आवणीच्या, भातलावणीच्या दिवसांत पावसाकडे बघत एवढंच म्हणाले, “तिकडं चिखलनी सुरू झाली असंल.” मी म्हटलं, झाली असेल. “चालत असंल ना गो तो चिखलात?” त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, चालतोय.

आम्ही घरात आहेत तेवढ्या प्रती जाळल्या. बाबांनी स्वतः काडी लावली. त्यांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलं. पण बाहेर गेलेल्या माझ्या हातात नाहीत. म्हणून तुम्हाला सांगते. ते पत्रक तुमच्याकडे असेल, बाजारात वडापाव बांधून आलं असेल, फळीवर अंथरलेलं असेल, कुणी फोटो काढून मोबाईलवर पाठवलं असेल, तर ते फाडा, पुसा, पुढे पाठवू नका. माझ्यावर राग काढायला म्हणूनही जपून ठेवू नका. आणि कुणी गोड बोलून तुम्हाला विचारलं की ती बाई कुठल्या पाड्यातली, तर ठाऊक असलं तरी ‘ठाऊक नाही’ म्हणा. तिची पुढची तारीख जवळ आली आहे. एवढं आजच करा.